ताशी चार

लाइट गेली तशी टेमघरच्या चाळीतली पोरं ओट्यावर येऊन बसली. शेजारच्या कारखान्यातले लूमही गप्प झाले होते. नोमान मोबाइलवर आपलं तिसरं चलान सगळ्यांना दाखवत होता.

"एकशे दहा, चाचा! कॅमेऱ्यानं सलाम ठोकला."

"सलाम नाही, बापाचा खिसा कापला," गुलाम हुसेन चाचा म्हणाले. पोरं हसली. चाचांनी कडेच्या कुलूपबंद खोलीकडे पाहिलं. "कुमार तिथं राहायचा. माझा भाडेकरू. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो."

कुमार नाशिक हायवेवर स्पीडगनच्या गाडीत ठेक्यावर ऑपरेटर होता. मागच्या काचेतून यंत्र रस्त्यावर रोखायचं, की येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर पडद्यावर उमटायचं. आई गेल्यापासून धाकट्या प्रितेशला त्यानंच वाढवलं होतं. प्रितेश टेम्पो चालवायचा आणि भावाबरोबर याच खोलीत राहायचा.

दोन हजार चोवीसचा मे महिना. पडघ्याच्या अलीकडे एका संध्याकाळी सखी नावाची आदिवासी बाई लाकडाची मोळी घेऊन रस्ता ओलांडत होती. एका टेम्पोनं तिला उडवलं आणि तो पळाला. ती जागीच गेली. मोळी सापडली, चपला सापडल्या. डोक्यावरची चुंबळ तेवढी सापडली नाही. तिची आई जानकीबाई दोन दिवस रस्त्याकडेची झुडपं धुंडाळत होती.

"माझ्या लुगड्याची हाय ती," गाडीपाशी येऊन ती कुमारला म्हणाली. "दादा, तुझ्या मशिनीत त्यो टेम्पो दिसला का रं?"

"नाही, मावशी."

दिसला होता. वेग शहाण्णव. नंबर प्रितेशच्या टेम्पोचा. कुमारनं ती नोंद पुसून टाकली होती.

आठ दिवसांनी, चौदा तारखेला, मंगळवारी रात्री गाडी त्याच जागी उभी होती. पुढे पुलाचं काम होतं, म्हणून एक वाजता वाहतूक दुसरीकडून वळवली. तीनला रस्ता उघडेपर्यंत थांबायचं होतं. ड्रायव्हर चावी खिशात टाकून चहाला गेला. कुमार एकटाच.

एक पन्नासला यंत्र वाजलं.

वेग चार. अंतर दोनशे मीटर.

"कुत्रं असेल, चाचा," नोमान मध्येच म्हणाला.

"कुमारलाही तेच वाटलं."

त्यानं काचेतून पाहिलं. खांबांवरचे दिवे लख्ख. रस्ता रिकामा. ताशी चारनं वाहन जात नाही. माणूस चालतो...

एकशे वीस.

साठ.

रस्त्यावर कोणीच नव्हतं.

वीस.

"कोण आहे...?"

पाच.

मग गाडीच्या पत्र्यावर काहीतरी घासलं. लाकडाची टोकं घासावीत तसं. मागून... पुढे.

चाचा थांबले. नोमाननं मोबाइल उलटा ठेवला.

कुमारनं यंत्र पुढच्या काचेकडे वळवलं. उणे चार. म्हणजे लांब जाणारं. भिवंडीच्या दिशेनं.

त्याचं डोकं सवयीनं गणित करू लागलं. इथून चाळ अकरा किलोमीटर. ताशी चार. पावणेतीन तास...

चार पस्तीस.

त्यानं भावाला फोन लावला. "प्रितेश, कडी लाव. दार उघडू नकोस."

"दादा, प्यायलास काय?"

"ती येतेय."

कोण, हे प्रितेशनं विचारलं नाही.

कुमारला धावत सुटावंसं वाटलं. पण पुढे रस्त्यावर ती चालत होती. तिला ओलांडून जायची त्याची छाती झाली नाही. तीन वाजले. चार. ड्रायव्हर परतला तरी कुमारनं गाडी हलवू दिली नाही; दोघे भाऊ फोन कानाला लावून बसले.

चार पस्तीसला प्रितेश कुजबुजला, "दादा... दाराला काहीतरी घासतंय."

"उघडू नकोस."

"थांबलं."

उजाडता उजाडता कुमार चाळीत पोचला. उंबऱ्यावर चुंबळ होती. जुन्या हिरव्या लुगड्याची. आत प्रितेश भिंतीला टेकून रडत होता. कुमारनं चुंबळ दोन्ही हातांनी उचलली.

"चल," तो म्हणाला. "आपणच जाऊन सांगू."

चौकीत दोघांनी सगळं सांगितलं. टेम्पोचं, पुसलेल्या नोंदीचं. दुपारी दोनला जानकीबाई आली. हवालदारानं टेबलावरची चुंबळ तिच्यापुढे सरकवली. आठ दिवस मे महिन्याचं ऊन खाल्लेलं कापड ते. तिनं हातात घेतलं, गालाला लावलं आणि तशीच राहिली.

"ओली हाय," ती म्हणाली. "घामानं. आत्ताच डोईवरनं काढल्यावाणी."