झाकलेलं हरीण

दुपारी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बदलायला गेलेली दोघं नातवंडं अंधार पडताना परत आली. पडवीत बूट काढून त्यांनी ते ऑरिनच्या बुटांशेजारी ओळीनं लावले आणि शेगडीपाशी येऊन बसली. राजमा-मांसाच्या चिलीची वाटी हातात घ्यायच्या आधीच कोल्टर म्हणाला, "आजोबा, सिंहीण सापडली!"

"सिंहीण नाही," सिग्ने हळूच म्हणाली. "तिनं मारलेलं हरीण."

वरच्या घळीत, चारी बाजूंनी पाइनच्या सुया आणि बर्फ ओढून झाकून ठेवलेलं. पहाडी सिंहाची, प्यूमाची, रीतच ती. पोटभर खायचं, उरलेलं झाकायचं आणि रात्री परत यायचं. कोल्टर सतरा वर्षांचा होता. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा दोन हिवाळे झाडाला लावून त्याच्या हाती एक शेपूट लागलं होतं, बाकी सगळे त्याचे स्वतःचेच फोटो. नेम तपासायला कॅमेऱ्यापुढून चार पायांवर रांगावं लागतं, म्हणून प्रत्येक कार्डावर पहिला फोटो मालकाचाच असतो.

"देखणा सिंह आहे," सिग्ने म्हणाली. "ढुंगण तेवढं मोठं."

"गप गं! आजोबा, उद्या तुमची पिकअप द्या. हरणाला दोरी बांधतो आणि ओढून खाली कॅमेऱ्यापुढे आणतो. ती मागोमाग येणारच."

ऑरिननं चमचा खाली ठेवला. "झाकलेल्याला हात लावायचा नसतो. लेलँडनं कॅमेरा दिला तेव्हा सांगितलं नव्हतं तुला?"

"सगळेच सांगतात. का, ते कुणी सांगत नाही."

ऑरिननं शेगडीत एक ओंडका सरकवला. त्याच्या जुन्या मित्राला, लेलँडला, जाऊन तीन महिने झाले होते. "त्याचीच गोष्ट आहे," तो म्हणाला. "खरी. त्यानं मला स्वतः सांगितलेली." आणि तो सांगू लागला.

गावच्या वाचनालयात लागलेला फोटो तुम्ही लहानपणापासून पाहताय. बर्फात सिंहीण, तिच्या पोटाशी पिल्लू. साऱ्या मोंटानात असा फोटो कुणाकडे नव्हता. त्यासाठी लेलँडनं सहा हिवाळे घालवले. पण त्याचा गुडघा गेला होता, सामान घेऊन घळीत चढणं जमेना. त्याचे तीन कॅमेरे होते, उतारावर एकाखाली एक, सगळ्यात खालचा जंगलातल्या रस्त्याला लागून. त्या डिसेंबरात त्याला झाकलेलं हरीण दिसलं, मोठा नर. त्यानं दोरी बांधली आणि ओढत खाली रस्त्यापाशी आणला. पहाटे चारला फोटो मिळाला.

"साडेचारला लाकडांचा ट्रक आला," ऑरिन म्हणाला.

सिग्नेनं वाटी बाजूला ठेवली.

ट्रकखाली सिंहीण जागच्या जागी मेली. पिल्लू कुणाला सापडलंच नाही. लोक म्हणाले, बिचारी रस्त्यावर कशी आली कोण जाणे. लेलँड काही बोलला नाही. फोटोखाली ओळ लागली: 'वरच्या घळीत टिपलेला.'

मग आली जानेवारीची एकोणीस तारीख. लेलँड कॅमेरे काढून आणायला निघाला. पोचेपर्यंत अंधारलं. उद्या दिवसाउजेडी काढू म्हणून तो परत पिकअपमध्ये बसला, किल्ली फिरवली. गाडीची बॅटरी थंडीनं मेली होती. फोनला रेंज नाही. त्यानं घोंगडी लपेटली, थर्मासातली कॉफी संपवली. सकाळी कुणीतरी येईलच, असा विचार करत त्याचा डोळा लागला.

दोन वाजून दहा मिनिटांनी उजेडानं जाग आली. सगळ्यात वरच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला होता. एखादं हरीण असेल.

दोन सोळा. मधला फ्लॅश.

झाडं पांढरी झाली. पुन्हा काळी. कुणी नव्हतं. पण आवाज येत होता. बर्फावरून काहीतरी जड ओढत आणल्याचा. सर्र... मग थांबे. मग सर्र...

हा आवाज लेलँडच्या ओळखीचा होता.

दोन चोवीस. तिसरा.

गाडीपासून दहा पावलांवर. त्या उजेडात त्याला बर्फावर चर दिसला. वरून, घळीकडून आलेला. सरळ गाडीपर्यंत. आणि चराच्या टोकाला...

"काय होतं?" कोल्टरनं विचारलं.

"काही नव्हतं."

लेलँडनं दारं लावून घेतली. डोळे मिटले. मग बाहेर खरवडायला सुरुवात झाली. आधी उजवीकडे. मग मागे. मग डावीकडे. खर्र... खर्र... टपावर हलकं हलकं काहीतरी पडत होतं. घाई नव्हती. पहाटेपर्यंत चाललं.

उजाडल्यावर दार उघडेना. पिकअप खिडक्यांपर्यंत पाइनच्या सुयांनी आणि बर्फानं झाकलेली होती. चारी बाजूंनी ओढून, नीट. भोवती एकही पाऊल नव्हतं. तिन्ही कार्डांवर एकेक फोटो होता. नुसता बर्फ. फक्त चर प्रत्येक फोटोत आधीपेक्षा लांब.

शेगडीतला ओंडका फुटला. कोल्टर दचकला, मग स्वतःवरच हसला. "भारी आहे, आजोबा. पण चूक रस्त्याची होती ना? मी रस्त्यापासून लांब ठेवीन."

ऑरिन हसला नाही. ही गोष्ट त्यानं आजवर बाहेरगावच्या शिकाऱ्यांना, लेलँडचं नाव न घेता, सात-आठ वेळा सांगितली होती, आणि ऐकणारे नेहमी इथेच हसायचे. हसले की तोही हसायचा आणि कॉफी ओतायचा.

सिग्ने त्याच्याकडे बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "लेलँडचा गुडघा गेला होता ना? मग एवढा मोठा नर त्यानं एकट्यानं कसा ओढला?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

ऑरिननं हातांकडे पाहिलं. मग शेगडीकडे. पोरांकडे बघणं त्याला जमेना. खोऱ्यातल्या निम्म्या पोरांना बंदूक धरायला त्यानं शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी तो सांगायचा, झाकलेल्याला हात लावायचा नाही.

"एकट्यानं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दोरी माझी होती. पुढे मी होतो, तो मागून ढकलत होता. लेलँड म्हणत होता, वरच्या कॅमेऱ्यापाशीच ठेवू. मीच म्हटलं... खाली आण. रस्त्यापाशी. परत परत चढायचा कंटाळा आला होता मला. भूक लागली होती."

कोल्टरनं वाटी खाली ठेवली.

"त्या रात्रीनंतर तो माझ्याकडे आला. म्हणाला, ऑरिन, फोटो उतरवू, लोकांना सांगून टाकू. मी म्हटलं, वेडा आहेस का? नाव जाईल तुझं. माझं जाईल, असं म्हटलं नाही. तो गप्प बसला. मरेपर्यंत."

कोल्टर पायमोज्यांकडे बघत म्हणाला, "मी दोरी नाही नेत."

"उद्या वाचनालयात जाऊ," ऑरिन म्हणाला. "तुम्ही दोघं चला बरोबर. मी एकटा गेलो तर दारातून परत येईन."

सिग्ने लाकडं आणायला उठली. तिनं पडवीचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"आजोबा..."

बाहेर चंद्र होता. पायऱ्यांवरचा, अंगणातला बर्फ कोरा होता, पोरं आली तेव्हाच्या पावलांपलीकडे एकही ठसा नाही. पडवीत त्यांच्या बुटांचे दोन जोड होते तसे ओळीत होते. तिसऱ्या जागी ढीग होता. पाइनच्या सुया आणि बर्फ. चारी बाजूंनी ओढून, नीट. ऑरिनच्या बुटाची नाडी तेवढी एका कडेनं बाहेर दिसत होती.

घर उघड्या माळावर होतं. सर्वात जवळचं पाइनचं झाड दोन मैलांवर.

सिग्ने कोपऱ्यातला झाडू घ्यायला वाकली.

"राहू दे," ऑरिन म्हणाला. "हात लावू नकोस त्याला."