सहावी बाटली

"सहाव्या बाटलीत औषध शून्य? यंत्र बिघडलंय," जलपरीक्षण प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. ऋता कारखानीस म्हणाल्या.

तिळवण नदीत वरच्या अंगाच्या कारखान्यांतून एक वेदनाशामक औषध झिरपत होतं. महिन्यापूर्वी जुन्या बंधाऱ्यापाशी ते धोक्याच्या पातळीवर सापडलं आणि खालच्या देवखोल गावाचे नळ बंद झाले. ऋताबाईंच्याच अहवालावरून. आज फेरतपासणी होती.

नमुने आणणारे इनायत शिकलगार खाली मान घालून उभे होते. तीस वर्षांची नोकरी, घर देवखोललाच.

"यंत्राचं काही नाही, मॅडम. मीच चुकलो. स्थिरक पाचच बाटल्यांना पुरलं. बंधाऱ्याची बाटली तशीच आणली."

स्थिरक हे प्रयोगशाळेचं नवं रसायन. एक थेंब पडला की बाटलीतले जीवाणू जागच्या जागी थिजत. नाहीतर ते वाटेतच थोडंफार औषध खात आणि आकडा खोटा येई.

"म्हणजे नमुना बाद." ऋताबाईंनी बाटली ओतून टाकायला उचलली आणि त्यांचा हात थांबला. "चाचा, वाटेत किती वेळ गेला?"

"तीन तास."

"एवढं औषध निम्मं व्हायलाच एरवी आठवडा लागतो. इथे तीन तासांत सगळं फस्त!"

"कुणी खाल्लं?"

"बंधाऱ्याच्या गाळातल्या जीवाणूंनी. दर वेळी ते बाटलीत यायचे आणि आपणच त्यांना थिजवायचो."

शिकलगार घुटमळले. "पण मॅडम, नदीत कुठे कोण स्थिरक टाकतंय?"

ऋताबाईंनी बाटली परत टेबलावर ठेवली. बंधाऱ्यापासून देवखोलच्या जॅकवेलपर्यंत, म्हणजे नळांसाठी नदीचं पाणी उपसणाऱ्या विहिरीपर्यंत, पाणी पोचायला पाच तास लागत. मध्ये दुसरा ओढा मिळत नाही, म्हणून दोन्हीकडचं पाणी सारखंच, असं त्या धरून चालल्या होत्या.

आठवडाभर दोघांनी स्वतः नमुने घेतले, प्रत्येकात स्थिरक घालून. बंधाऱ्यापाशी औषध रोज भरपूर. जॅकवेलपाशी रोज शून्य. औषध फुटून होणारे विषारी अंशही नाहीत.

'देवखोलबाबतचा माझा निष्कर्ष चुकीचा होता,' ऋताबाईंनी नव्या अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं. कारखान्यांवरची नोटीस मात्र त्यांनी कायम ठेवली.

नळ सुटले त्या दिवशी शिकलगारांनी त्यांना आग्रहाने घरी नेलं. त्यांच्या बेगमने चहा पुढे केला.

"नळाच्याच पाण्याचा आहे हं," शिकलगार जरा बिचकत म्हणाले.

ऋताबाईंनी कप रिकामा केला आणि आणखी अर्धा मागितला.