मंदावलेलं कंपन

लिफ्टचं दार मिटता मिटता त्याने मध्ये हात घातला. मी दचकले आणि हातातली डबी छातीशी धरली.

"बॉम्ब आहे का?" त्याने विचारलं.

"स्फटिक आहे. मसुराच्या दाण्याएवढा. हरवला तर मी रडेन."

"मग मी श्वास रोखून उभा राहतो."

तो खरंच श्वास रोखून उभा राहिला... आणि मी हसू रोखून.

तो वरच्या मजल्यावरचा गणितवाला. ऑक्साइडच्या स्फटिकात अणू कसे थरथरतात, हे तो कॉम्प्युटरवर काढायचा. तेच मी खाली लेझरने मोजायची. मग रोज दुपारचा चहा सुरू झाला.

"तुमचे अणू आज काय म्हणतायत?"

"तुमच्यापेक्षा कमी बोलतात."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

आणि मग तो शुक्रवार. त्याच्या गणितात स्फटिक कितीही थंड केला तरी एक कंपन जसंच्या तसं राहत होतं. माझ्याकडे ते मंदावत चाललं होतं. यंत्र तपासलं, पुन्हा मोजलं... तेच. सोमवारी याच गणितावर त्याचं निवड समितीपुढे व्याख्यान होतं. कायमच्या नोकरीसाठी.

ताईला फोन केला. "सोमवारनंतर सांग," ती म्हणाली. "तुला तो हवाय ना?"

हवा होता. म्हणूनच तर तिला फोन केला होता.

तरी चहाच्या वेळी आलेख पुढे ठेवून सांगून टाकलं. "तू स्फटिकातल्या टायटॅनियम आणि ऑक्सिजनमध्ये नुसती विजेची ओढ धरलीस. ते इलेक्ट्रॉनही वाटून घेत असणार. बंध वेगळा आहे."

त्याने आलेखाच्या रेषेवरून बोट फिरवलं. "पुन्हा मोजलंस?"

"हो."

"बरं." तो आलेख घेऊन उठला. चहा तसाच.

शनिवार, रविवार फोन नाही. मीही केला नाही — कुठल्या तोंडाने करणार? ताई 'सांगितलं होतं ना' एवढंही म्हणाली नाही, आणि तेच जास्त लागलं.

सोमवारी मी सभागृहात अगदी मागे बसले. त्याचे डोळे लाल. पडद्यावर माझा आलेख.

"माझं गणित चुकलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "खालच्या मजल्यावरच्या मोजणीने ते दाखवून दिलं. नवं मांडलंय... अजून अर्धंच झालंय."

समितीतल्या एका गृहस्थांनी पेन खिशाला लावलं.

नंतर तो कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर येऊन थांबला.

"नोकरी बहुतेक गेली."

"माझ्यामुळे—"

"तुझ्यामुळे खोटं बोलण्यापासून वाचलो." तो घुटमळला. "फोन केला नाही, कारण... तुझा आवाज ऐकला असता, तर तेवढंही गणित झालं नसतं."

"का?"

"तू आवडतेस म्हणून. हेही चुकलं असेल, तर आत्ताच सांग."

"मला... तपासावं लागेल."

त्याचा चेहरा पडला. मी घाईघाईने त्याचा हात धरला.

"तपासून झालंय," मी म्हणाले. "कधीचंच."