चौथ्या गाडीची जागा

दुसऱ्याच्या आईने रांधून आणलेलं अन्न कुत्र्याला घालायचं, ही रीत आमच्या घरात कधी नव्हती. ती माझ्या नातवाने सुरू केली.

दर रविवारी दुपारी देवराज मोहल्ल्यातून लक्ष्मीदेवी रिक्षाने विजयनगरला येते. आमच्या फाटकापाशी उतरते. हातात स्टीलचा डबा. कधी पुरणाचे ओबट्टू, कधी लिंबाचं चित्रान्न, धनुर्मासात मूगडाळ-तांदळाची हुग्गी. "रक्षितला द्या," म्हणते आणि तशीच वळते. आत या म्हटलं तरी येत नाही.

आणि हा आमचा शहाणा! आत काय आहे ते न बघताच डबा मागच्या भिंतीपलीकडे कुत्र्यापुढं उपडा करायचा. वर्षभरात गल्लीतलं कुत्रं गोऱ्ह्यासारखं माजलं. नातू मात्र वाळून काडी झाला.

मी चौथीपर्यंत शिकले. रचून लिहायची अक्कल माझ्यापाशी नाही. घडलं तेवढंच लिहिते. बरंचसं रक्षितच्या तोंडून ऐकलेलं, शेवटचं माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण वाचून झाल्यावर.

गेल्या धनुर्मासातला दुसरा रविवार. नंजनगूडहून गुंडलुपेटेला जाणारा रस्ता.

वेळ सकाळची. अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. दिवसाढवळ्या.

रक्षितला गाड्यांचा नाद. त्याची गाडी लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली. आत दोनच माणसं मावतात. अशाच गाड्यावाल्या सहा जणांची टोळी होती. रविवारी पहाटे रिंगरोडच्या पेट्रोल बंकवर जमायचं, ओळीने निघायचं, गुंडलुपेटेच्या अलीकडे डोसा खायचा आणि परत. दोनशेच्या वेगाची गाडी घेऊन डोशाला जायचं! असो. नाद तो नाद.

पण त्यांचे नियम मला पसंत होते. प्रत्येक गाडीला नंबर. प्रत्येकाजवळ वॉकीटॉकी. निघताना हजेरी. पहिली गाडी मंजुनाथची, तो वाट काढणार. आणि सहावी रक्षितची, सगळ्यात शेवटची. कुणी वाटेत थांबलं, तर शेवटच्याने त्याच्याजवळ थांबायचं. शेवटचा कधीच कुणाला मागं टाकून जात नाही.

ते त्याला 'स्वीप' म्हणतात. मी पिछाडी म्हणते. माझे मामंजी मालोजीराव राजवाड्याच्या घोडदळात होते. दसऱ्याची सवारी बन्नीमंटपाला जायची तेव्हा ते पिछाडीला असायचे. शेवटचा घोडा तबेल्यात बांधल्याशिवाय त्या माणसाने कधी घोटभर पाणी प्यायलं नाही. रक्षितला सहावा नंबर मिळाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. रक्त बोलतं म्हणायचं.

चौथी गाडी नवीनची होती. लक्ष्मीदेवीचा एकुलता एक. त्यांच्या वाडवडिलांचा कापड रंगवायचा धंदा, आता देवराज मोहल्ल्यात साड्यांचं दुकान. आदल्या वर्षी धनुर्मासातच नवीन गेला. गाडी चालवताना छातीत कळ आली. वय एकतीस.

तेव्हापासून ही मुलं चौथ्या गाडीची जागा मोकळी सोडायची.

तिसरी गाडी, मग एका गाडीएवढं रिकामं अंतर, मग पाचवी. रस्त्यावर तसंच, हॉटेलच्या अंगणात तसंच. हजेरीतसुद्धा चारला गप्प राहायचं.

आम्ही पितराला पान वाढतो. पण जेवण झालं की त्याला निरोप देतो. यांनी जागा ठेवली... निरोप कुणी दिलाच नाही.

त्या रविवारी पाऊस नव्हता, पण बारीक तुषार पडत होते. धुकं इतकं की बंकवरचे दिवे लोण्यात बुडाल्यासारखे दिसत होते. सहा वाजता मंजुनाथने हजेरी घेतली.

"वन."

"टू."

"थ्री."

मग नेहमीची शांतता...

आणि त्या शांततेत कुणीतरी बटण दाबलं.

बोललं कुणीच नाही. नुसती मोकळी लाइन. आणि आत...

टिक्... टिक्... टिक्...

"मगा, कोण बटण दाबून बसलंय?" मंजुनाथ ओरडला. मगा म्हणजे कानडीत बाळा. पण हे वळूसारखे वाढलेले एकमेकांना तेच म्हणतात. "सोडा ना रे!"

आवाज बंद झाला. मग चैत्राचा बारीक आवाज आला, "फाइव्ह." पाचवी गाडी तिची.

रक्षितने "सिक्स" म्हटलं. पण तो आवाज त्याने ओळखला होता. गाडी रस्त्याकडेला घेतली, की चारी पिवळे दिवे उघडझाप करतात. त्या वेळी गाडीत बसलेल्याला ऐकू येतो, तो आवाज.

आता पुढचं रक्षितने मला फार उशिरा सांगितलं. पण मी इथंच सांगून टाकते. झाकून ठेवायची मला सवय नाही.

आदल्या वर्षी त्याच रस्त्यावर नवीन वॉकीटॉकीवर म्हणाला होता, "छातीत जळजळतंय रे. कालचा मसाला. दोन मिनिटं बाजूला घेतो, तुम्ही चला."

त्याने एका चिंचेखाली गाडी घेतली. चारी दिवे लावले. मागून रक्षित आला. थांबायचं काम त्याचं. नवीनने काचेतून हात वर केला.

रक्षित थांबला नाही.

पुढं एक फाटा होता. सरळ, रिकामा रस्ता. दर खेपेला पिछाडीला राहून जीव आंबला होता त्याचा. दहा मिनिटं गाडी पळवून येतो, कुणाला कळतंय, असं वाटलं त्याला. बाकीचे हॉटेलात पोचले होते. त्यांना वाटलं, रक्षित आणि नवीन बरोबर आहेत.

फाट्यावर पळताना त्याला वॉकीटॉकीवर दोनदा बटण ऐकू आलं. टक्, टक्. न बोलता दोनदा दाबलं की त्यांच्यात अर्थ एकच, "मागं आहेस ना?"

रक्षित म्हणाला, "मागंच आहे, मगा."

सगळ्यांनी ऐकलं.

वीस मिनिटांनी तो परत आला तेव्हा दिवे तसेच चालू होते. वॉकीटॉकी नवीनच्या मुठीत होती. अंगठा बटणावर.

तेराव्याला लक्ष्मीदेवीने एकच विचारलं. "शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का?" मंजुनाथ म्हणाला, "रक्षित होता, अम्मा. आम्ही ऐकलं." बाईने रक्षितचे दोन्ही हात डोळ्यांना लावले.

रक्षित काही बोलला नाही.

डबे तेव्हापासून सुरू झाले.

तर त्या रविवारी ते निघाले. नंजनगूड मागं पडलं. धुकं दाटच होत गेलं. रक्षितच्या पुढं चैत्राची गाडी. तिच्या पुढं ती रिकामी जागा. चैत्रा सारखी ब्रेक मारत होती. उगाचच. लाल दिवे लागायचे, विझायचे, परत लागायचे.

"चैत्रा, नीट चालव ना. सारखी काय थांबतेस?"

"मी काय करू? पुढची गाडी थांबते ना!"

"पुढं कुठली गाडी?"

तिचे लाल दिवे परत लागले.



"काही नाही," ती म्हणाली. "धुकं आहे."

हॉटेलच्या अंगणात गाड्या ओळीने लागल्या. तिसरी, मग जागा, मग पाचवी. आत डोसे आले. चैत्राने ताटाला हात लावला नाही. रक्षितने नुसती कॉफी घेतली. अर्ध्या तासाने बाहेर आले, तेव्हा तुषार चालूच होते. अंगण चिंब भिजलेलं.

चौथी जागा कोरडी होती.

बरोबर एका गाडीएवढी. चारी कडा आखल्यासारख्या. आसपास चिखल, आणि मधे कोरडी, पांढरी माती.

म्हणजे अर्धा तास तिथं काहीतरी उभं होतं. आणि नुकतंच निघून गेलं होतं.

ते बघत असतानाच कोरड्या मातीवर थेंब पडायला लागले. एक... दोन... मग सगळीच भिजून गेली.

"वर पत्रा-बित्रा असेल," मंजुनाथ म्हणाला.

सगळ्यांनी वर बघितलं. वर आभाळ होतं.

परतीच्या वाटेवर हजेरी झाली नाही. मंजुनाथने घेतलीच नाही. रक्षित शेवटी होता. ते चिंचेचं झाड जवळ येत होतं. त्याने ठरवलं होतं, तिकडं बघायचं नाही.

झाड आलं. झाड गेलं.

आणि वॉकीटॉकीवर...

टक्. टक्.

मागं आहेस ना?

रक्षितने बटणाला हात लावला नाही. पुन्हा वाजलं. टक्, टक्. पुढच्या गाड्यांमधून कुणीच काही बोललं नाही. जसं काही त्या एकट्यालाच ऐकू येत होतं.

त्याने आरशात बघितलं.

शेवटच्या गाडीच्या मागं कुणी नसतं. तीच तर शेवटच्याची गत. पुढं सगळे, मागं रिकामा रस्ता.

पण त्या धुक्यात मागं दोन पिवळे दिवे होते. लागत होते... विझत होते... लागत होते.

त्याने वेग वाढवला. दिवे तेवढ्याच अंतरावर. त्याने वेग कमी केला. दिवे तेवढ्याच अंतरावर. जवळ येत नव्हते. पुढं जात नव्हते. आपला माणूस नीट घरी पोचतो का, हे बघत यावं, तसे ते येत होते.

रिंगरोडला ऊन पडलं होतं. आरशात फक्त एक दुधाची गाडी होती.

घरी आल्यावर रक्षित गाडीतून उतरला नाही. इंजिन बंद, काच खाली, मांडीवर ती वॉकीटॉकी. मी तीनदा हाक मारली. कॉफी नेली, ती बॉनेटवर थंड झाली. मला वाटलं, टोळीत भांडण झालं असेल.

दुपारी लक्ष्मीदेवी आली. त्या दिवशी पहिल्यांदा ती फाटकाच्या आत आली. सरळ गाडीपाशी गेली. गाडी इतकी बुटकी की बाईला कंबरेत वाकावं लागलं.

"कंदा, बाळा, आज वर्ष झालं. तिथीने श्राद्ध झालं, पण मला आपला रविवारच आठवतो." तिने डबा त्याच्या हातात दिला. "आज तरी खा, माझ्यासमोर नाही तर मी गेल्यावर. तू जवळ होतास, म्हणून मला रात्री झोप लागते."

ती गेली. रक्षित डबा धरून लहान मुलासारखा रडायला लागला.

मी दुसऱ्या बाजूने आत बसले. त्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. माझे गुडघे हनुवटीला लागले. म्हटलं, "बोल. नाहीतर मी इथून उठत नाही. तसंही मला उठता येणार नाही."

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. चिंच, फाटा, ते खोटं, कोरडी माती, पिवळे दिवे. वर्षभर आत कोंडून ठेवलेलं. एका घरात आम्ही दोघंच. त्याचे आईबाप बंगळुरात. आणि भिंतीपलीकडे हा एवढं घेऊन झोपत होता, आणि मी डब्यावरून त्याला बोलत होते.

"खरं सांगितलं तर अम्माची झोप जाईल, अज्जी," तो म्हणाला. "त्यापेक्षा मीच..."

टक्. टक्.

त्याच्या मांडीवर. वॉकीटॉकी.

मी ऐकलं. म्हातारी आहे, बहिरी नाही. आणि मागोमाग, अगदी बारीक...

टिक्... टिक्... टिक्...

"दुसरं कुणी असेल," मी म्हटलं. मला माझाच आवाज खोटा वाटला.

रक्षितने ती माझ्यापुढं केली. "अज्जी, तूच काहीतरी सांग ना त्याला."

मी हात मागं घेतला. भ्याले म्हणा, हवं तर. पण नवीनने मला विचारलं नव्हतं. ज्याला विचारलं, त्यानेच उत्तर द्यायचं.

त्या वॉकीटॉकीत काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. टोळी मोडली. गाडी अंगणात कापड घालून उभी आहे. लक्ष्मीदेवीच्या घरात त्या दिवशी काय झालं, ते त्या दोघांचं. मी विचारलं नाही, इथं लिहिणारही नाही. मात्र रविवारी पहाटे मी अंगण झाडायला जाते तेव्हा त्या गाडीच्या मागं झाडू फिरवत नाही. तिथं एक गाडी मावेल एवढी जागा आहे. कधी कधी सडा टाकला, तरी ती कोरडीच राहते...

त्या दिवशी मी नातवाला काय म्हटलं, ते मात्र सांगते. चुकलं असेल तर माझ्या माथी. दार उघडून, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन मी त्या विहिरीतून बाहेर आले, पदर सारखा केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"त्याचं मरण तुझ्या हातात नव्हतं, त्याचा दोष मी तुला देणार नाही. पण त्या बाईची झोप तुझ्या खोट्यावर निजलीय, आणि तिचं अन्न तुझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणजे तुला सगळं कळतं. मेल्यावरसुद्धा त्या पोराने पिछाडी सोडली नाही, रक्षित. तू जिवंतपणी सोडलीस. ऊठ. तो डबा घे आणि तिच्या दारात जा."