मागच्या खोलीतली ऊब

ज्यांना पटणार नाही, त्यांना मी आग्रह करणार नाही. पण हे खरोखर घडलंय, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सख्खे काका आहेत.

काका थापा मारणाऱ्यातले नाहीत. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या घरातले बॉयलर आणि पाइप दुरुस्त करण्यात घालवलं. आम्ही मुलं त्यांना शेगडीकाका म्हणायचो. पाइप एक तर गळतो किंवा गळत नाही, तिसरं काही नसतं, असं म्हणणारा हा माणूस.

त्या दिवसानंतर मात्र तसं म्हणत नाहीत.

दिवस जानेवारीतला. शनिवार. दुपारचे अडीच.

दुपार म्हटलं तरी बाहेर काळोख पडत आला होता. तिकडे दूर उत्तरेला थंडीत असंच असतं. सूर्य उशिरा कामावर येतो, सही करतो आणि घरी जातो.

काकांचं घर गावाच्या टोकाला, तळ्याच्या काठी. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर दोन खोल्या, पोटात तळघर. सव्वीस वर्षांपूर्वी घेतलं तेव्हा त्यात धड एक खिडकी नव्हती. तळघरात पाणी तापवणाऱ्या बॉयलरपासून, त्या पाण्यानं खोली गरम ठेवणाऱ्या वरच्या शेवटच्या रेडिएटरपर्यंत एकेक पाइप काकांनी स्वतःच्या हातांनी बसवला होता. गावात कुणाच्याही घरी थंडी वाजेल, शेगडीकाकांच्या घरी नाही, असं लोक म्हणायचे.

ते घर आता सोडायचं होतं.

काकूंच्या छातीला तिकडची हवा झेपेना. "अजून एक हिवाळा नको," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुलगी दक्षिणेला, उबदार शहरात नोकरीला होती. तिच्याजवळ जायचं ठरलं. घर एका तरुण शिक्षकानं घेतलं. तो आणि त्याची बायको वसंतात राहायला येणार होते.

तोवर घर तीन महिने रिकामं.

अशा थंडीत रिकाम्या घरात पाणी ठेवत नाहीत. पाइपातलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून बॉयलर बंद करून सगळं पाणी काढून टाकायचं. काकांनी शिक्षकाला तसा शब्द दिला होता.

दुसऱ्यांच्या घरी हे काम त्यांनी शेकडो वेळा केलं असेल. स्वतःच्या घरी मात्र हात जड झाला.

सकाळी नऊला त्यांनी बॉयलर बंद केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याची घरघर थांबली. दुपारी बारापर्यंत शेवटचा थेंब तळघराच्या मोरीत गेला होता.

सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. काकू शेजारणीकडे निरोप घ्यायला गेल्या होत्या. साडेचारला गाडी येणार होती.

घरात काका एकटे. आणि शांतता.

अडीचला ते शेवटची फेरी मारायला निघाले. डॉक्टर तापाच्या पेशंटच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात ते प्रत्येक रेडिएटरला लावत गेले.

स्वयंपाकघर. गार.

बसायची खोली. गार.

जिना चढून वरची पुढची खोली. इतकी गार की बोट चिकटलं.

मागची खोली. मुलीची...

उबदार.

काकांनी हात काढला. पुन्हा लावला. कोमट नव्हे, चांगलाच गरम. कपडे वाळत घालावेत असा.

ते घाबरले वगैरे नाहीत. त्यांना राग आला. एवढा कसलेला कारागीर, आणि पाणी राहिलं कसं? त्यांनी खिशातली किल्ली काढून रेडिएटरचा वरचा स्क्रू सैल केला. मग खालचा जोड उघडला. खाली फडकं धरलं.

काहीच आलं नाही.

थेंबसुद्धा नाही. रेडिएटर कोरडा ठणठणीत होता.

"जाड लोखंड आहे, धरून ठेवतं ऊब," ते स्वतःशी मोठ्यानं बोलले. साडेपाच तास कुठलंही लोखंड ऊब धरत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण रिकाम्या घरात स्वतःचा आवाज ऐकून जरा बरं वाटलं.

जोड पुन्हा आवळून ते तळघरात उतरले. सगळे व्हॉल्व्ह बघितले. बंद. बॉयलरवर हात ठेवला. दगडासारखा थंड.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मुलगी लहान असताना काका संध्याकाळी कामावरून आले की आधी तळघरात जायचे. बॉयलर बघायचे आणि मुख्य पाइपवर पान्यानं दोन ठोके द्यायचे. टक, टक. म्हणजे, मी आलो.

आवाज पाइपातून वर जायचा. वरून, मागच्या खोलीतून, उत्तर यायचं.

टक, टक, टक.

"दोनाला तीन. बापापेक्षा एक जास्तच," काका हसत वर यायचे. दिवसभराचा शीण तिथेच उतरायचा. मुलगी शिकायला बाहेर गेली, मग काकांनी ठोके देणं सोडलं. त्याला दहा वर्षं झाली होती.

त्या दिवशी त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पाना उचलला. शेवटचे दोन ठोके, घराचा निरोप म्हणून.

टक... टक...

रिकाम्या पाइपात आवाज घुमत वर गेला आणि विरला.

काका पाना पिशवीत टाकायला वळले.

टक.

टक.

टक.

"काय गं, कधी आलीस?" काकांनी जिन्याकडे बघून विचारलं. काकूच परत आल्या असणार. चेष्टा करतायत.



ते वर आले. पुढचं दार आतून बंद होतं, कडी त्यांनी स्वतः लावली होती. खिडकीतून त्यांनी शेजारच्या घराकडे बघितलं. दिव्याच्या उजेडात, शेजारणीच्या टेबलाशी काकू बसल्या होत्या. हातात कप.



त्यांनी मुलीला फोन लावला. तिच्या आवाजानं जिवाला बरं वाटेल, एवढंच मनात होतं.

"झालं का हो बाबा आवरून?" मुलीनं विचारलं. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. शेजारी बसलीये. अगं, तुला ते आपले ठोके आठवतात? मी खालून दोन द्यायचो, तू वरून तीन."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हॅलो? आहेस ना?"

"बाबा," ती हळू बोलली, "ते मी नव्हते देत."

"म्हणजे?"

"मी कधीच उत्तर दिलं नाही. आधी मला वाटायचं, आई देते."

"आई कशाला देईल? आई तर त्या वेळी खाली स्वयंपाकघरात..."

"ते मला नंतर कळलं. एकदा तुम्ही ठोके दिलेत तेव्हा मी पाइपवर हात ठेवून बसले होते. खोलीत मी एकटी. आणि..."

"आणि काय?"

"माझ्या हाताजवळच ते तीन ठोके वाजले, बाबा. पाइपाच्या आतून नाही. बाहेरून. कुणीतरी माझ्या बोटांशेजारी वाजवावं तसे."



"सांगितलं का नाहीस?" काकांनी विचारलं.

"कसं सांगणार? तुम्ही हसत वर यायचात. दिवसभरात तेवढंच तर हसायचात. आणि त्यानं मला कधी त्रास नाही दिला. म्हणून गप्प राहिले. पण आज का विचारताय? बाबा, तुम्ही आज ठोके दिलेत का?"

"नाही," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

सव्वातीन झाले होते. बाहेर पूर्ण काळोख. गाडीला सव्वा तास. अंगात कोट घालून काका ओट्याला टेकून उभे राहिले. शेजारणीकडे जाऊन बसावं, गाडी येईपर्यंत तिथून हलू नये, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात वरून आवाज आला.

टक. टक. टक.

या वेळी खालून कुणीच ठोके दिले नव्हते.

थोडा वेळ गेला.

टक... टक...

मघापेक्षा हळू. मधे बरंच अंतर.

मग बराच वेळ काही नाही. 

...टक.

एकच. अगदी बारीक.

काका मला म्हणाले, "भीती वाटत होती रे, खोटं नाही सांगत. पण ऐकताना दुसरंच मनात येत होतं. हाताची बोटं गारठली की माणूस दार कसं वाजवतो... तसं वाटत होतं ते."

ते जिना चढले. एकेका पायरीला थांबत.

मागच्या खोलीचं दार त्यांनी मघाशी उघडं ठेवलं होतं. आता ते लोटलेलं होतं. त्यांनी बोटानं ढकललं.

खोली रिकामी.

रेडिएटर आता गार पडत चालला होता. खिडकीची काच आतून बर्फानं पांढरी झाली होती. फक्त खालच्या कोपऱ्यात, काकांच्या कमरेच्याही खाली, तळहाताएवढा एक गोल स्वच्छ होता. कुणी काचेजवळ तोंड नेऊन बाहेर बघत बसावं, तसा.

काका बघत असतानाच तो गोल कडेनं धूसर झाला...

आणि पुन्हा स्वच्छ झाला.

धूसर. स्वच्छ.

श्वासासारखा.

काका तिथून पळाले, हे ते स्वतःच सांगतात. दोन-दोन पायऱ्या गाळत थेट खाली. पुढच्या दाराची कडीसुद्धा त्यांनी काढली. एक पाय बाहेर, बर्फात.

आणि तिथेच थांबले.

वर्षानुवर्षं ते रोज संध्याकाळी, वर जे कुणी होतं त्याला सांगायचे, मी आलो. आणि आज काही न सांगता, वर त्याचीच शेगडी विझवून निघाले होते.

काकांनी दार लावलं. आतून.

ते तळघरात गेले. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह उघडला. पाइपातून पाणी खळखळत वर चढायला लागलं. पाणी नीट भरावं म्हणून एकेका खोलीत जाऊन त्यांनी रेडिएटरमधली हवा काढली. मागच्या खोलीत गेले तेव्हा खिडकीकडे पाठ केली आणि डोळे मिटून, बोटांच्या सवयीनं स्क्रू फिरवला. मानेवर काहीतरी गार लागत होतं. वळून बघितलं नाही. मग बॉयलर पेटवला, बारीक आचेवर ठेवला. बॉयलरच्या इंधनाच्या टाकीत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुरेल इतकं तेल होतं. त्यानंतर काय, याचा विचार त्यांनी केला नाही. घर आता दुसऱ्याचं होतं. तेल संपून पाइप फुटले असते तर एका गरीब शिक्षकाचं घर बुडालं असतं, आणि ते काकांच्या डोक्यावर आलं असतं.

साडेचारला गाडी आली. काकू दारातच उभ्या होत्या, मफलर नाकापर्यंत ओढून.

"झालं का हो बंद सगळं?"

"झालं," काका म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा ते काकूंशी खोटं बोलले.

गाडी निघाली. तळ्याचं वळण मागे पडलं. ड्रायव्हर रेडिओवर हवामानाच्या बातम्या ऐकत होता. 

मग काकू हळूच म्हणाल्या, "चालू ठेवलीत ना शेगडी?"

काका दचकले. "तुला कसं कळलं?"

"बरं केलंत. तिला गारठा अजिबात चालत नाही."

"कुणाला?"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. काकांनी तेव्हा पुन्हा विचारलं नाही, आणि नंतर जेव्हा विचारलं तेव्हा काकूंनी विषय बदलला. आजतागायत.

फेब्रुवारी-मार्च काकांनी कसे काढले, ते मी जवळून बघितलंय. मी त्याच शहरात राहतो. फोन वाजला की त्यांचा चेहरा उतरायचा.

एप्रिलच्या शेवटी शिक्षकाचा फोन आला. मी तिथेच होतो. काकांनी स्पीकर चालू केला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"काका, तुम्ही पाणी काढायचं विसरलात वाटतं," शिक्षक म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आलो तर तेलाची टाकी कोरडी. बॉयलर बहुतेक कधीचाच बंद पडलेला, वर धूळ बसलीये. पण एकही पाइप फुटला नाही. नशीबच म्हणायचं."

"हो," काका म्हणाले. "नशीबच."

"आणि वरची मागची खोली कसली मस्त आहे हो. बॉयलर बंद असूनही आत उबदार. ऊन येत असेल."

ती खोली उत्तरेला आहे. तिथे ऊन येत नाही.

"तीच खोली बाळाला द्यायची ठरवलीये," शिक्षक सांगत होता. "जूनच्या शेवटची तारीख आहे. बायको तर आत्तापासून दिवसभर तिथेच बसून असते. म्हणते, इथे एकटं वाटत नाही."

काका काहीतरी बोलायला गेले. "जपा," एवढंच म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगायला हवं होतं का रे?"



काकांचं म्हणणं, मुलगी त्याच खोलीत लहानाची मोठी झाली, केसालाही धक्का लागला नाही. मग भ्यायचं कशाला? पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नाहीत. कारण त्यांच्या मुलीला मी परवा त्यांच्यादेखत विचारलं, त्या घरी पुन्हा जावंसं वाटतं का. ती म्हणाली, "रोज. रात्री तर फारच. कुणीतरी बोलावल्यासारखं."

आज जूनची बावीस तारीख. काकांनी सकाळपासून दोनदा शिक्षकाचा नंबर लावला, आणि वाजायच्या आत बंद केला.