उजव्या हाताच्या फिती

डोंगरवाटेवरच्या शर्यतीत सगळ्यांत शेवटी जो चालतो, त्याला आमच्या गटात झाडू म्हणतात. त्याची कामं दोन. शेवटच्या धावपटूच्या मागे राहायचं, काहीही झालं तरी त्याच्या पुढे जायचं नाही. आणि वाट दाखवण्यासाठी झुडपांवर लावलेल्या नारिंगी फिती एकेक करून काढत यायच्या, कारण डोंगरात प्लास्टिकचा तुकडाही मागे राहणार नाही, या अटीवरच वनखातं शर्यतीला परवानगी देतं. फिती नेहमी धावणाऱ्याच्या उजव्या हाताला असतात, साठेक मीटरला एक. डाव्या हाताला दिसली तर समजायचं, आपण उलटे चाललोय.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आठवडाभर लोकांना 'हे अक्षर दिसतंय? आणि आता?' असं विचारायचं आणि पानगळीच्या दिवसांत शनिवार-रविवार डोंगर गाठायचा, असं सात वर्षं चाललंय. शनिवारी संध्याकाळी पायथ्याच्या मैदानावर तंबू, स्टोव्हवर कॉफी, सकाळी सातला धावायला सुरुवात. गटात दहा-बारा माणसं. एक दंतवैद्य सगळं जमवून आणतो, त्याला आम्ही कॅप्टन म्हणतो. माझा धाकटा भाऊही यायचा. वय एकोणतीस, नाव पडलं होतं कासव. तो धावायला येतो की पानं बघायला, असं कॅप्टन चिडवायचा. त्यावर भाऊ म्हणायचा, "शेवटून पहिला येतो मी. माझा नंबर कधी चुकलाय का सांग."

गेल्या वर्षी शर्यतीत तो शेवटचा होता आणि झाडू मी होते. दहाव्या किलोमीटरनंतर तो उजवा पाय ओढत होता. चौदाव्या किलोमीटरला एक पडकी दगडी चौकी आहे, तिथे वाट फुटते. उजवीकडची मैदानाकडे उतरते. डावीकडची दगडाच्या बंद पडलेल्या खाणीकडे जाते आणि कड्यापाशी संपते. चौकीच्या अलीकडच्या वळणापर्यंत त्याची निळी पाठ मला दिसत होती. वळणानंतर दिसली नाही. मला वाटलं, पुढे उतार आहे, पायाला बरं वाटलं असेल, सुटला असेल. मी फिती काढत खाली आले. शंभरावर फिती. मैदानावर कॅप्टनने विचारलं, "कासव कुठाय?" मी म्हटलं, "म्हणजे? पुढे नाही आला?"

तो तिसऱ्या दिवशी खाणीच्या तळाशी सापडला.

म्हणजे कुठेतरी मी त्याला ओलांडून पुढे गेले होते. कुठे आणि कशी, ते कुणालाच कळलं नाही. तो वाटेवर परत आला तेव्हा पुढची वाट दाखवणारं तिथे काही उरलं नव्हतं. ते सगळं माझ्या पिशवीत होतं.

सगळे म्हणाले, तुझी चूक नाही. शर्यतीच्या दिवसाबद्दल आईने मला आजवर एक शब्द विचारलेला नाही. मार्चमध्ये आम्ही जुनं बैठं घर सोडलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. त्याच्या खोलीवरून रोज ये-जा करणं तिला जमेना.

या वर्षी मी पुन्हा झाडूचं काम मागितलं.

"नको गं," कॅप्टन म्हणाला. "केळी वाट, फोटो काढ, माझ्यावर ओरड. हे नको."

"मला फक्त बघायचंय, कुठे चुकलं ते."

त्याने स्टोव्ह बारीक केला. मग त्याने तंबूतून एक खोका आणून दाखवला. "या वेळी गाठी बंद. फांद्या मोडतात, वेळ जातो. कपड्यांचे लाकडी चिमटे घेतले, प्रत्येकाला फीत चिकटवली. तीनशे चाळीस. बायकोने नि मी बसून केलेत. एक जरी हरवलास तरी घरात मला जागा नाही."

रविवारी शेवटचा धावपटू ठरला तो एक निवृत्त ग्रंथपाल. वय सदुसष्ट, गटात नवा, गेल्या वर्षीचं त्याला काही माहीत नव्हतं. तो धावत कमी आणि बोलत जास्त होता.

"मागे कुणी असलं की मला पुस्तक परत करायला उशीर झाल्यासारखं वाटतं," तो मागे वळून म्हणाला. "तू जरा पुढे हो की."

"तेवढं सोडून काहीही सांगा, काका."

हवा कोरडी होती, ऊन पातळ होतं. पानं घोट्यापर्यंत साचली होती, त्यामुळे वाट अशी दिसतच नव्हती. चिमट्यांवरूनच कळायचं. मी चिमटा काढायचे, पिशवीत टाकायचे, आणि त्याच्या पिवळ्या टोपीकडे बघायचे. चिमटा, पिशवी, टोपी. एकदाही नजर चुकवली नाही.

चौकीच्या अलीकडच्या वळणावर एक चिमटा काट्यात पडला होता. तो काढायला मी वाकले. दहा सेकंद लागले असतील, असं मला वाटलं. वर बघितलं तर टोपी नव्हती.

मी हाक मारली. पळत चौकीपाशी गेले. उजवीकडच्या वाटेवर पहिला चिमटा जागेवर होता, पण तिथली पानं विस्कटलेली नव्हती. डावीकडची विस्कटलेली होती.

आणि डावीकडच्या वाटेवरही एक नारिंगी फीत होती. चिमट्याला चिकटवलेली नाही. फांदीला बांधलेली.

जवळ जाऊन बघितली. दोन टोकांचे दोन कान करून एकमेकांत अडकवलेली गाठ, डावा कान उजव्यापेक्षा लांब. भाऊ पाच वर्षांचा असताना बुटाची नाडी बांधायला मी त्याला असंच शिकवलं होतं. त्याचा डावा कान नेहमी लांब राहायचा. आयुष्यभर त्याने दुसरी गाठ बांधली नाही.

फीत जुनी नव्हती. उन्हाने विटलेली नव्हती, धूळही नव्हती. साठ मीटरवर दुसरी दिसली. मग तिसरी. सगळ्या माझ्या डाव्या हाताला होत्या. खाणीकडे जाणाऱ्यासाठी त्या नव्हत्याच. खाणीकडून येणाऱ्यासाठी होत्या.

मी धावत सुटले. चौदाव्या फितीपाशी ग्रंथपाल एका दगडावर बसला होता. त्याच्या पुढे तीसेक पावलं झुडपं होती आणि मग नुसतं आकाश.

"आलीस? बराच वेळ झाला मी बसलोय," तो म्हणाला. "तुमची माणसं फार शिस्तीची आहेत हं. पानांत वाट चुकलो, बोलण्याच्या नादात सरळ चालत राहिलो. तुमचा तो एक जण समोरून आला. फिती बांधत होता. म्हणाला, काका, इथेच बसा, पुढे कडा आहे. ताई मागून येतेय."

"कसा होता?"

"निळा शर्ट. पाय दुखावलाय त्याचा. म्हटलं, अरे, आधी पट्टी बांध, मग फिती बांध. तर हसला नुसता."

"आता कुठे गेला?"

"तुझ्याच बाजूला गेला की. भेटला नाही?"

वाट एकच होती. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, एका माणसापुरती जागा. पुन्हा एकदा आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो होतो.

"निरोप ठेवलाय तुझ्यासाठी," तो उठत म्हणाला. "फिती काढू नकोस म्हणाला. त्याचं यायचं राहिलंय."

ग्रंथपालाला मी हाताला धरून खाली आणलं. बांधलेल्या चौदा फिती तशाच ठेवल्या. कॅप्टनने चिमटे मोजले, तीनशे चाळीस भरले. "बघ," तो म्हणाला, "झालं की नीट." मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. फिती चौकीपाशी संपत नव्हत्या. उजवीकडे वळून, शर्यतीच्या वाटेने, मैदानापर्यंत आल्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी मैदान ओलांडून डांबरी रस्त्यावर, पुलाच्या कठड्यापर्यंत. मग पेट्रोल पंपाच्या कुंपणापर्यंत. डोंगर शहरापासून सव्वीस किलोमीटर आहे. डोंगराकडे जाताना मी गाडी हळू चालवायचे आणि दर साठ मीटरला फीत बघायचे, दर वेळी माझ्या डाव्या हाताला. शहराकडे येणाऱ्याच्या उजव्या हाताला. दर वेळी डावा कान लांब.

मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःचे डोळे मात्र दुकानात तपासून घेतले. नंबर तोच होता.

पाचव्या रविवारी फिती शहरात शिरल्या होत्या. एका चौकात रस्ता झाडणारा म्हातारा खांबावरची फीत सोडवत होता. मी गाडी तिथेच उभी केली आणि ओरडले.

"राहू द्या ती!"

"का बुवा? कसला कार्यक्रम आहे?"

"माझा भाऊ यायचाय," मी म्हटलं. बोलून गेल्यावर कळलं, काय बोलले ते.

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, फीत पुन्हा खांबाला गुंडाळली आणि झाडू उचलून पुढे गेला. ती गाठ मी नीट बांधली.

त्या चौकातून आमच्या नव्या घराकडे जायचं तर डावीकडे वळावं लागतं. फिती वळल्या नव्हत्या. सरळ गेल्या होत्या. औषधांच्या दुकानावरून, शाळेच्या भिंतीवरून, आमच्या जुन्या गल्लीत. शेवटची जुन्या घराच्या फाटकाला होती.

अर्थात. मार्चमध्ये आम्ही घर बदललं, हे त्याला कोण सांगणार होतं?

मी फाटकाशी उभी राहिले तेव्हा नवी भाडेकरीण हात पुसत बाहेर आली. चाळिशीची, बोलकी बाई.

"पूर्वी राहायचात त्याच ना तुम्ही? बरं झालं आलात. अहो, रोज सकाळी सहाला एक जण येतो. आत येत नाही. फाटकाशी उभा राहून विचारतो, इथली माणसं कुठे गेली? मला तरी काय माहीत! पत्ता दिलाच नाहीत तुम्ही. मी आपली रोज सांगते, बाबा, ठाऊक नाही."

"मग?"

"मग जातो लंगडत. दुसऱ्या दिवशी हजर. परवा मलाच राहवेना. म्हटलं, दमलेला दिसतोस, पाणी तरी पिऊन जा. तर मागे सरकला हो एकदम. म्हणाला, नको. गेल्या वेळी पाणी प्यायलाच थांबलो होतो. झऱ्यावर उतरलो, तेवढ्यात ताई पुढे गेली."

मी फाटक धरलं. लोखंड गार होतं.

"ओळखीचा आहे का?" तिने विचारलं.

"हो."

"मग त्याला पत्ता तरी देऊन टाका बाई. ऐकवत नाही."

मी बाजारातून नारिंगी फितीचं रीळ आणलं. दुपारभर जुन्या फाटकापासून नव्या घरापर्यंत फिती बांधत आले. खांब, कुंपणं, बंद दुकानांच्या कड्या. प्रत्येक उजव्या हाताला, साठ मीटरला एक. लोक बघत होते, मी बघू दिलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून जिन्याच्या कठड्यालाही बांधल्या, दर अर्ध्या मजल्यावर एक, सहा. सातवी दाराच्या कडीला.

संध्याकाळी आईने कडीवरची फीत बघितली. गाठीवरून बोट फिरवलं आणि आत गेली.

सकाळी साडेपाचला मी बूट घालायला बसले. जुन्या फाटकाशी जाऊन थांबायचं ठरवलं होतं. म्हणजे तो तिथून निघाला की मी मागे राहीन. नियम तोच आहे. आई स्वयंपाकघरात जागीच होती, दिवा न लावता खुर्चीवर बसलेली.

"कुठे निघालीस?"

"खाली."

"बस इथे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, राग नव्हता. "या वेळी पुढे जाऊ नकोस."

मी बसले. एका पायात बूट होता, दुसरा हातात.

सहा वाजून गेले. खिडकीत उजाडलं. सव्वासहाला खालचं लोखंडी दार वाजलं.

जिन्यात पाऊल वाजलं. एक टेकलेलं, एक ओढलेलं. मग थांबलं.

मग फीत सोडताना प्लास्टिकची बारीक सळसळ होते, ती ऐकू आली.

पुन्हा पावलं. पुन्हा थांबणं. पुन्हा सळसळ. येणारा वाट मोकळी करत येत होता. त्याच्या मागून यायला आता कुणी उरलं नव्हतं.

आईने माझा हात धरला. मी मोजत होते.

सहा झाल्या.

कडी हलली नाही. दाराच्या पलीकडे कुणीतरी गाठीशी खटपट करत होतं, फार हळू, घरातले झोपलेत असं समजून करतात तसं.