केतकीचा दहावा

सकाळी सकाळी मी पत्रावळ आणायला बाजारात गेले होते. दुकानदार अण्णासाहेब आमच्या ओळखीचे. एकच पत्रावळ आणि चिमूटभर काळे तीळ मागितले तशी त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि हळूच विचारलं, कोण गेलं घरातलं? मी म्हणाले, घरातलं नाही, लांबचं आहे. खरं सांगितलं असतं तर सगळ्या जाफराबादची दिवसभर करमणूक झाली असती. दहावा केतकीचा होता, आणि केतकी ही साडेसातच्या मालिकेतली सून होती.

हसलात तरी चालेल. मीसुद्धा आधी हसलेच होते.

तुळजाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मामंजी गेल्यापासून त्यांचा संध्याकाळचा सगळा जीव त्या मालिकेत होता. मी भोकरदनला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. जीपमधून चेंगरून घरी यायचे तेव्हा मालिका रंगात आलेली असायची. आत्याबाई बाजेवर मांडी घालून बसलेल्या, पदर तोंडाशी, डोळे भरलेले. केतकी पडद्यावर सासूला औषध द्यायची आणि इकडे आत्याबाई म्हणायच्या, "गुणाची गं माझी बाय." मी मागे उभी असायचे, खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवलेली.

खोटं कशाला बोलू, आत्याबाईंनी मला कधी काही कमी केलं नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा पेज पाजली, पाय चेपले. पण केतकीकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जे यायचं, ते माझ्याकडे बघताना कधी आलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. या घरात कुणीतरी एकदा माझ्याकडे तसं बघावं, एवढीच माझी इच्छा होती. पडद्यावरच्या बाईचा मत्सर करावा इतकी मी वेडी नव्हते, तरी करायचे.

मग त्या नटीने मालिका सोडली आणि लिहिणाऱ्यांनी केतकीला घाटात ट्रकखाली घातलं. भिंतीवर हार घातलेला फोटो आला, दोन दिवस तिच्या सासरच्या सगळ्या घरादाराने रडून घेतलं आणि मालिका पुढे चालू झाली. आत्याबाईंची मात्र तिथेच थांबली. त्यांनी सुतक धरलं. देवाला हात लावेनात, घरात फोडणी घालू देईनात. आम्हाला वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण त्यांनी जेवणच सोडलं. कोरा चहा आणि कोरभर भाकरी, तीही अर्धी ताटात. शुगरच्या गोळ्या चालू, पोटात अन्न नाही. एकदा न्हाणीत चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हाती लागणार नाहीत.

माझे मिस्टर, भारत, यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माणूस साधा. आईपुढे बसून लहान पोरासारखे रडले. तेव्हा मी एक शहाणपणा केला. मोबाइलवर त्या नटीचा ताजा व्हिडिओ काढून आत्याबाईंसमोर धरला. आखूड कपडे घालून ती कुठल्याशा समुद्रावर नाचत होती. म्हटलं, बघा, धडधाकट आहे तुमची केतकी.

आत्याबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग मोबाइल परत माझ्या हातात दिला.

"ही ती न्हाई," त्या म्हणाल्या. "केतकी हिच्या अंगात राह्यची, एवढंच. आता हिनं तिला भाईर काढलं. ती कुठं जाईल गं, आकांक्षा? तिला तं सोताचं अंग बी न्हाई..."

भर दुपारची वेळ होती, तरी माझ्या मानेवर काटा आला.

त्यानंतर त्यांनी दहाव्याचं काढलं. नदीवर जाऊन घास ठेवायचं म्हणत होत्या, मी हातापाया पडून ते घराच्या स्लॅबवर आणलं. कावळा शिवला की जेवीन, असा शब्द दिला. एवढ्यासाठी मी मालिकेतल्या बाईचा दहावा घालायला तयार झाले.

स्लॅबवर ऊन नुकतं चढत होतं. केतकीला मालिकेत पुरणपोळी आवडायची, म्हणून पुरणपोळी आणि भाताचा घास पत्रावळीवर मांडला. वर तीळ टाकले. थोड्या वेळाने एक कावळा आला आणि कठड्यावरच्या टीव्हीच्या डिशवर बसला. एकच. समोरच्या कडुलिंबावरचे बाकीचे जागचे हलले नाहीत. त्याने ना मान वाकडी केली, ना तो ओरडला. आत्याबाईंनी हात जोडले आणि ज्यात मेलेल्याचा जीव अडकलेला असेल ते एकेक बोलू लागल्या. तुझ्या सासूच्या गोळ्या बराबर दिल्या जातील. तुझ्या नणंदेचा संसार मोडू देणार न्हाई. तुझ्या नवऱ्याला दुसरी करू देणार न्हाई. ही वचनं त्या कुणाच्या जोरावर देत होत्या, देव जाणे. एरवी मी खाली जाऊन पोट धरून हसले असते.

कावळा हलला नाही. ऊन वाढलं. भारत म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवूया, चालतं तसं. आत्याबाईंनी मान हलवली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मला कळलं, आज हा कावळा उडून गेला तर ही बाई पुन्हा अन्नाला शिवणार नाही.

मी कठड्यापाशी गेले. कावळ्याच्या इतक्या जवळ मी कधी उभी राहिले नव्हते. कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "केतकी, तुला राह्यला जागा न्हाई ना? मंग माझी घे. पण ह्यांना जेवू दे..."

तो लगेच खाली उतरला. घास शिवला, चोच भरून घेतली, आणि तशाच भरल्या चोचीने माझ्याकडे बघत राहिला. खालच्या रस्त्यावरचा आवाज तेवढ्या वेळापुरता बंद पडल्यासारखा झाला. मोगऱ्याचा वास आला. आमच्या गल्लीत कुणाकडे मोगरा नाही.

त्या दुपारी आत्याबाई पोटभर जेवल्या. भारत त्यांच्या शेजारी बसून घास मोजावेत तसे बघत होते. मीही खूश होते. संध्याकाळी साडेसातला मी टीव्ही लावायला गेले तर त्या म्हणाल्या, राहू दे, आता काय बघायचं त्यात.

पुढचे दिवस चांगले गेले, असंच म्हणावं लागेल. शुगर ताळ्यावर आली. आत्याबाई गाणं गुणगुणत भाजी निवडायच्या. एका संध्याकाळी मी घरी आले तर कणीक मळून झाकून ठेवलेली. मी विचारलं, तुम्ही कशाला मळलीत? त्या म्हणाल्या, मी कुठं, तूच तर मघाशी मळली. वयाने विसरायला लागल्या, असं मी मनाला समजावलं. मग शेजारची प्रीती म्हणाली, दुपारी किती हाका मारल्या, वर बघितलंसुद्धा नाहीस, पण नऊवारीत छान दिसत होतीस. माझ्याकडे नऊवारी नाही, आणि दुपारी मी भोकरदनला होते. एकदा मी ऑफिसातून भारतना फोन केला. ते बुचकळ्यात पडले. म्हणाले, आत्ता तर तू डबा देऊन गेलीस दुकानात, एवढ्यात फोन कशाला?

कुणाला सांगणार आणि काय सांगणार? शिवाय डब्यातली आमटी फार चांगली होती म्हणाले.

हळूहळू बाहेरही तसंच होऊ लागलं. जीपमध्ये बायका माझ्या मांडीवर गाठोडं ठेवायच्या, जागा रिकामी असल्यासारखं. ऑफिसात माझं टेबल कुणी न सांगता भिंतीकडे सरकवलं होतं. मी विचारलं तर जो तो बोलायचा, पण माझ्याशी नाही, माझ्याबद्दल.

आणि मग ती संध्याकाळ. दिवेलागणीला मी घरी आले. दार उघडं, आत दिवा, मोगऱ्याचा तोच वास. बाज भिंतीजवळून उचलून दारासमोर मांडलेली होती आणि आत्याबाई तिच्यावर मांडी घालून बसल्या होत्या. मी उंबऱ्याशी आले तशा त्या सावरून बसल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"आली बघ," त्या आत कुणाला तरी म्हणाल्या. "किती वाळली गं बिचारी..."

"आले, आई," आतून आवाज आला. "एवढा गॅस बंद करते."

आवाज माझा होता. फक्त मी त्यांना कधी आई म्हटलं नव्हतं.

मी ओरडायला हवं होतं. पण आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि कसं बघत होत्या ते मी कुणालाही सांगू शकणार नाही. ज्या नजरेसाठी मी इतकी वर्षं झुरले, ती सगळीच्या सगळी माझ्यावर होती. त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला, आणि पुढे ज्या वेळी आठवलं त्या वेळी त्या आनंदाचीच भीती वाटली.

"आत्याबाई," मी म्हणाले, "पाणी द्या थोडं..."

त्या पदराने डोळे टिपत राहिल्या. पुढे मी काय बोलते याची वाट बघत होत्या. पाणी द्यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. तेवढ्यात भारत दुकानातून आले. मला खेटून आत शिरले आणि चपला काढायला दारातच वाकले.

"सरक रे बाजूला," आत्याबाई म्हणाल्या. "मधी उभा राह्यला, दिसंना मला."

आत पाऊल टाकायचा मी खूप प्रयत्न केला. उंबरा नेहमीचाच होता, पण पाय उचलला की तो जिथून उचलला तिथेच पडायचा. थोड्या वेळाने आत्याबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, चला जेवून घेऊ म्हणाल्या आणि आत गेल्या. ताटं मांडल्याचा आवाज आला. भारत कशावर तरी हसले.

तेव्हापासून मी कुठे राहते, काय खाते, ते विचारू नका. मलाही नीट सांगता येत नाही. संध्याकाळ झाली की मी दारात असते. आत्याबाई वेळेवर येऊन बसतात. मी काही ना काही बोलते. त्या रडतात, कधी हसतात, मग समाधानाने जेवायला जातात. तब्येत चांगली आहे त्यांची.

एक दिवस मी ठरवलं, नाही जायचं. इथून निघून जायचं, आईच्या गावाला, कुठेही. स्टँडपर्यंत गेलेही. पण जीव राहिना म्हणून परत आले आणि खिडकीच्या बाजूला, त्यांना दिसणार नाही अशी, भिंतीला टेकून उभी राहिले. आत ताट वाढलेलं होतं.

"आज दाखवलं न्हाई तिला," आत्याबाई म्हणाल्या. आवाज पार खोल गेला होता. "काय झालं असंल गं? मेली तं न्हाई...?"

"असं नका बोलू, आई," माझ्या आवाजात ती म्हणाली. "उद्या दाखवतील. जेवून घ्या तुम्ही."

ताट सरकवल्याचा आवाज आला. मग बाज करकरली. त्या न जेवता आडव्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या आधीच जाऊन दारात उभी राहिले.